डोंगरावरची घंटा

जून अखेरीस मी दहा दिवसांच्या रजेचा अर्ज घेऊन सरांच्या समोर उभी राहिले, तेव्हा सरांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "कारण?" मी म्हटलं, "सर, जत्रेला जायचंय." "कुठल्या गावची?" मी खाली मान घालून उत्तर दिलं, "ग्रीसमधल्या." सर आधी हसले, मग गंभीर झाले नि सही करताना म्हणाले, "जा. पण परत आल्यावर वार्षिकांकाला लेख दिला पाहिजे. नुसती स्थळांची यादी नको. काय पाहिलंस त्यापेक्षा काय कळलं, ते लिही." तो शब्द आज पाळते आहे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. आई चौथी शिकलेली, बाबा नववी नापास. पण जग पाहिलं ते बाबांनीच! १९९४ साली ते बोटीवर खलाशी म्हणून लागले नि बोसन होऊन उतरले. आमच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या वाड्यांत घरटी एक माणूस बोटीवर असतो, तसेच तेही. मालक ग्रीक, बोटीवरचा झेंडा भलत्याच देशाचा, खलाशी आमच्याकडचे नि फिलिपिन्सचे. त्यातल्या तीन बोटींवर बाबांचे कॅप्टन एकच होते, सिफ्नोस नावाच्या बेटावरचे. आता दोघेही निवृत्त झालेत. कॅप्टन वर्षातून दोनदा फोन करतात. दोघांचं इंग्रजी असं, की ते ऐकून माझ्या इंग्रजीच्या बाईंना चक्कर येईल; पण त्या दोघांना मात्र एकमेकांचं सगळं समजतं.

या बोलावण्यामागे एक जुनी गोष्ट होती. डिसेंबर २००९ मध्ये बिस्केच्या उपसागरात त्यांची बोट वादळात सापडली. इंजिन बंद पडलं, ते साडेतीन तास सुरू होईना. ब्रिजवर लावलेल्या संतांच्या तसबिरीसमोर कॅप्टननी नवस बोलला, की वाचलो तर आमच्या डोंगरावरच्या प्रोफितिस इलियासचा उत्सव मी करीन. त्याच वेळी खाली डेकवर दोराला धरून उभ्या असलेल्या बाबांनी आमच्या ग्रामदेवीला नवस बोलला, घंटा बांधीन. बोट वाचली. पुढल्या वर्षी बाबा सुट्टीवर आले, त्यांनी पितळेची चांगली सहा किलोची घंटा आणली नि देवळात पोचवली. ती सभामंडपात टांगली गेली. टांगली दुसऱ्यांनी. आमच्या वाडीचं ठिकाण देवळाच्या खालच्या पायरीशी. तसा कुठे नियम लिहिलेला नाही, कायद्यानं तर कुठलंच देऊळ कुणाला बंद नाही. पण आजोबा तिथं उभे राहिले, बाबाही तिथंच उभे राहतात. आपण बांधलेली घंटा पंधरा वर्षं बाबांनी पायरीवरून पाहिली, कधी वाजवली नाही.

कॅप्टनचा नवस मात्र फेडायचा राहिला होता, कारण त्या बेटावर उत्सव करायचा तर पाळी यावी लागते. २०२४ मध्ये त्यांची पाळी आली. त्यांनी बाबांना फोन केला, "बोसन, माझ्या घरी आता संत आलेत. पुढच्या जुलैत तू आला पाहिजेस. त्या रात्री तू बरोबर होतास." तिकिटं त्यांनीच पाठवली. बाबा म्हणाले, "मी एकटा नाही जायचा. माझी मुलगी कॉलेजात आहे, ती दुभाष्याचं काम करील." अशी मी निघाले. ६ जुलैला आषाढी झाली, नंतर चार दिवसांनी आम्ही मुंबईहून विमानात बसलो. अथेन्सला उतरलो, पिरिअस बंदरात मोठ्या फेरीबोटीत चढलो नि दुपारी सिफ्नोसच्या कामारेस बंदराला लागलो. बोटीत बाबा एकदाही बाकावर बसले नाहीत. कठड्याला टेकून दोर टाकणाऱ्या पोरांच्या गाठी तपासत होते!

आमच्याकडे तेव्हा धो धो पाऊस, नि तिथं मात्र आकाशाला ढगाचा ठिपका नाही. उघडे डोंगर, दगडी बांधांच्या पायऱ्या, मधूनमधून ऑलिव्हची झाडं आणि चुन्यानं रंगवलेली पांढरीशुभ्र घरं. देवळं तर इतकी, की प्रत्येक वळणावर एक. कॅप्टनच्या बायकोला बाबा 'कप्तानीणबाई' म्हणत. त्यांनी पहिल्याच दिवशी माझी फजिती केली. ताटात भाजी वाढताना मी "हवी?" अशा अर्थी बोट दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "ने!" मला वाटलं, ताट घेऊन जा म्हणतात. मी निमूट ताट उचलून स्वयंपाकघरात नेलं! ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे 'हो', हे मागाहून कळलं. नकार द्यायचा तर ते मान आडवी हलवत नाहीत, भुवया नि हनुवटी किंचित वर उचलतात. दोन दिवस मी सगळे नकार होकार समजून चालले होते.

त्या घरात एका कोनाड्यात संत इलियासची प्रतिमा होती, पुढे तेलाचा दिवा. इथंच मला त्यांच्या पद्धतीची पहिली ओळख झाली. जो उत्सव करतो त्याला 'पानिगिरास' म्हणतात. वर्षभर प्रतिमा त्याच्या घरी राहते, दिवा विझू द्यायचा नाही. उत्सवाच्या आदल्या संध्याकाळी प्रतिमा देवळात न्यायची, येईल त्या प्रत्येकाला फुकट जेवू घालायचं नि मग ती प्रतिमा पुढल्या वर्षीच्या पानिगिरासच्या हाती द्यायची. मला शिमग्यातली आमची पालखी आठवली. तीही घरोघर जाते. फरक एवढाच, की आमच्याकडे मान पिढीजात. इथं जो मागेल त्याला, पाळीनं. मी कॅप्टनना विचारलं, "मानकरी कोण ठरवतं?" त्यांना प्रश्नच समजला नाही. मी तीन वेळा तीन तऱ्हांनी विचारला. शेवटी ते म्हणाले, "ज्याचा नवस असेल तो मागतो. त्यात ठरवायचं काय?"

१३ जुलैला रविवार होता. कप्तानीणबाई आम्हांला गावातल्या चर्चमध्ये घेऊन गेल्या. मी पंजाबी ड्रेस घातला होता नि ओढणी नीट घेतली होती, तेवढं बरोबर निघालं. खांदे उघडे टाकून किंवा आखूड चड्डीत तिथं जात नाहीत. पण दाराशी येताच आम्ही दोघांनीही सवयीनं चपला काढल्या. दाराजवळच्या दोन म्हाताऱ्या एकदम "ओखी, ओखी!" करत धावल्या. त्यांना वाटलं, माझ्या पायाला काही लागलं! देवाच्या घरी पायताण घालून जायचं, हे आमच्या पायांना काही केल्या पटेना. मी चपला घातल्या, पण पाऊल टाकताना अंग चोरत होते.

मागे वळून पाहते तो बाबा आलेच नव्हते. अंगणात, दारापासून आठ-दहा हात दूर, हात पुढे बांधून ते उभे होते. आमच्या देवळाच्या पायरीशी उभे राहतात तसेच, अगदी त्याच अंतरावर. कुणी सांगितलं नव्हतं, त्यांच्या पायांनीच जागा शोधली होती. माझ्या घशात आवंढा आला. कॅप्टन बाहेर गेले. बोटीवर त्यांनी बाबांना हजारदा हुकूम दिला असेल, पण त्या दिवशी हुकूम दिला नाही. बाबांचा हात धरला नि आत आणून आपल्या शेजारी उभं केलं. दाराशी मेणबत्त्या ठेवलेल्या होत्या. लोक पेटीत नाणं टाकत, मेणबत्ती लावत, प्रतिमेचं चुंबन घेत. मी गोंधळले. कप्तानीणबाई हळूच म्हणाल्या, "मनात असेल तर लाव. नसेल तर नुसती उभी राहा. खोटं करू नको." मी मेणबत्ती लावली, चुंबन घेतलं नाही. हात जोडले. ते कुणालाही खटकलं नाही.

पूजा दीड-दोन तास चालली. वाद्य नाही, नुसते गळ्यातले सूर. भाषा इतकी जुनी, की तिथल्या लोकांनाही ती सगळी कळत नाही म्हणे. मी बाकावर बसून पायावर पाय टाकला, तर मागून एका आजीबाईंनी माझ्या गुडघ्यावर टिचकी मारली. पाय खाली! पुढे प्रतिमांची एक उभी भिंत असते. तिच्यापलीकडे वेदी, तिथं पाद्री नि त्यांचे मदतनीस जातात. आमचा गाभाराच म्हणा. कॅप्टनही तिथं जात नाहीत, आणि बायकांनी तर जायचंच नाही. म्हणजे त्यांच्याकडचं सगळंच समान आहे, असं मी म्हणणार नाही.

शेवटी लोक प्रसाद घ्यायला रांगेत उभे राहिले. मीही कप्तानीणबाईंच्या मागे उभी राहिले. त्यांनी वळून माझ्या दंडाला हात लावला नि कानात सांगितलं, "मुली, हा तुझ्यासाठी नाही. ज्यांचा आमच्यात बाप्तिस्मा झालाय, ज्यांनी तयारी केलीय, त्यांनाच."

त्या अगदी मायेनं बोलल्या होत्या. पण माझे कान तापले. इतक्या दूर येऊन पुन्हा तेच ऐकायचं होतं का? मी मागे येऊन बाबांशेजारी उभी राहिले, डोळ्यांत पाणी. बाबा समोर पाहतच पुटपुटले, "बाय, बघ जरा. सगळे कुठं गेलेत रांगेत?" मी पाहिलं. खरंच, निम्मेअधिक लोक जागेवरच उभे होते. त्यात कॅप्टनही होते! सकाळी न्याहारी केली, म्हणून त्यांनी त्या दिवशी घेतलं नाही. बाबा म्हणाले, "ही अट व्रताची आहे. पाळली तर मिळतं. आपल्याकडच्या अटीत पाळण्याजोगं काही नव्हतंच गो. ती जन्माबरोबर आली." थोड्या वेळानं पाद्रीबाबा दाराशी उभे राहून ब्रेडचे आशीर्वाद दिलेले तुकडे सगळ्यांना वाटू लागले. कप्तानीणबाईंनी आम्हां दोघांना पुढे केलं. पाद्रीबाबांनी एक तुकडा बाबांच्या हातावर ठेवला, एक माझ्या. बाबांनी तो कपाळाला लावून खाल्ला.

उत्सवाची संध्याकाळ आली, १९ जुलै. संत इलियासचा दिवस २० जुलै, पण खरी गर्दी आदल्या संध्याकाळी. बेटावरच्या सर्वांत उंच डोंगरावर, साडेसहाशे मीटरांच्याही वर, त्यांचा मठ आहे. रस्ता नाही, दगडांची पायवाट. ग्रीसमध्ये जिथं जिथं उंच शिखर तिथं तिथं या संताचं देऊळ असतं. बायबलातला हा संदेष्टा अग्नीच्या रथातून स्वर्गात गेला. ढग गडगडले की त्याचा रथ चालला, असं खेड्यातली माणसं म्हणत. पण वाटेत थांबलो असताना कॅप्टननी त्यांच्याकडची वेगळीच लोककथा सांगितली. इलियास म्हणे मूळचा खलाशी. समुद्रानं त्याला इतकं छळलं, की एक दिवस वल्हं खांद्यावर टाकून तो डोंगराकडे चालू लागला. भेटेल त्याला विचारी, "हे काय आहे?" लोक म्हणत, "वल्हं." तो पुढे चालू लागे. शेवटी अगदी वर एक माणूस म्हणाला, "ही काठी आहे." तेव्हा इलियास म्हणाला, "बस्स, इथंच राहीन." बाबा खो खो हसले. "कॅप्टन, आमच्या कोकणात असा डोंगरच नाही, जिथं वल्ह्याला काठी म्हणतील!"

वर पोचलो तेव्हा सूर्य कलला होता, वारा अंगाला ढकलत होता. खाली चहूबाजूंनी समुद्र नि त्यात बेटं पसरलेली. देऊळ लहान, माणसं दाटीवाटीनं उभी. आणि इथंच माझ्या हातून चूक झाली.

सायंपूजा चालू होती. पाच पाव आशीर्वादासाठी मांडले होते, दिव्यांचा उजेड, धूप, सूर... मला वाटलं, हे कॉलेजात दाखवायला हवं. मी मोबाईल काढला, हात उंच केला नि चित्रण करू लागले. नीट दिसावं म्हणून एक पाऊल पुढे सरकले. पडद्यावर एक काळे कपडे घातलेली म्हातारी आली. काठी टेकत दोन तास चढून आलेली. प्रतिमेला कपाळ टेकून ती रडत होती. मी तिचा चेहरा मोठा केला. बाबांनी माझं मनगट धरलं नि हात खाली केला. बोलले काहीच नाहीत, फक्त पाहिलं.

आणि मला माझी आजी दिसली. तीन वर्षांपूर्वी शिमग्यात तिच्या अंगात आलं होतं. केस सुटलेले, पदराचं भान नाही. मुंबईहून आलेल्या कुणा पाहुण्यानं ते मोबाईलवर घेतलं. आठ दिवसांत ते गावभर फिरलं, लोक हसले. आजीनं ते कुणाच्या तरी मोबाईलवर पाहिलं, आणि त्यानंतर दोन वर्षं ती पालखीला गेली नाही. त्या पाहुण्याला मी किती शिव्या दिल्या होत्या! त्यालाही असंच वाटलं असेल, छान आहे, दाखवू या. मी तेच केलं होतं. चित्रण पुसून टाकलं, मोबाईल बंद करून पिशवीच्या तळाशी घातला.

पूजा संपल्यावर मी त्या आजीबाईंसमोर गेले. मला एकच शब्द येत होता, "सिग्नोमी." माफ करा. त्यांनी चित्रण करताना मला पाहिलं होतं की नाही, कोण जाणे. त्यांच्या हातात मेणबत्ती होती, हात थरथरत होता नि दारातल्या वाऱ्यानं ज्योत धरत नव्हती. त्यांनी मला खूण केली. मी ओढणीचा आडोसा केला. मेणबत्ती लागली. कप्तानीणबाईंनी मागाहून सांगितलं, की त्यांचा मुलगा बोटीवरून परत आला नव्हता.

मग जेवणं. लांबच लांब टेबलं, पंगतीवर पंगत. मातीच्या भांड्यांत रात्रभर भट्टीत शिजवलेली छोल्यांची आमटी, नंतर मटण, वाइन, पाव. पाद्रीबाबा, शेतकरी, हॉटेलवाला, अथेन्सहून आलेला डॉक्टर, सगळे ज्याला जिथं जागा मिळेल तिथं. एक पंगत उठली की ताटं धुवायची नि दुसरी बसवायची. मी बाह्या सारून धुण्याच्या बायकांत शिरले. त्या आधी "नको नको" म्हणाल्या. पण गावजेवणाची खरकटी काढण्यात माझा हात कुठल्याही देशात मागे पडणार नाही! तासाभरात मी कोण, कुठली, हे कुणी विचारेनासं झालं. बाहेर व्हायोलिन नि लाऊतो वाजू लागलं. जो तो दुसऱ्याला म्हणत होता, "के तू ख्रोनू," म्हणजे पुढच्या वर्षीही. आपण गणपतीला म्हणतो तेच की!

एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली आहे. पूजेच्या आधी आम्ही डोंगर चढून पोचलो, कॅप्टन प्रतिमा घेऊन देवळाच्या अंगणात आले, तेव्हा घंटा वाजवायची होती. घंटेच्या दोराशी पोरांची गर्दी होती. कॅप्टननी पोरांना बाजूला केलं नि हाक मारली, "बोसन!" बाबा पुढे झाले. कॅप्टन म्हणाले, "त्या रात्री आपण दोघं होतो. संत मी आणला. घंटा तू वाजव." बाबांनी दोर हातात घेतला. पंचवीस-तीस वर्षं ज्या हातांनी दोर ओढले, ते हात क्षणभर तसेच राहिले. मग त्यांनी ओढला. एकदा, दोनदा, कितीतरी वेळा... वाऱ्यावर तो आवाज पार खालच्या गावापर्यंत गेला असेल. बाबांचं तोंड समुद्राकडे होतं, म्हणून मला दिसलं नाही.

आम्ही परत आलो. श्रावण गेला, गणपती गेले. नवरात्रात अष्टमीला आई, बाबा नि मी देवळात गेलो. पायरीशी चपला काढल्या. आई नेहमीच्या जागी थांबली. बाबाही थांबले. मग त्यांनी सदऱ्याच्या बाह्या खाली ओढल्या, पायऱ्या चढले नि सभामंडपात गेले. आत पाच-सात माणसं बसली होती. बोलणं थांबलं. "या" असं कुणी म्हणालं नाही. "नको" असंही कुणी म्हणालं नाही. बाबा गाभाऱ्याकडे गेले नाहीत. घंटेखाली उभे राहिले, हात वर केला नि एकदाच वाजवली. देवीला हात जोडले नि परत फिरले. पायरीवर आई पदरानं डोळे पुसत होती.

माझ्या पिशवीत मोबाईल होता. तो मी काढला नाही.

— द्वितीय वर्ष, कला